कळवलं होतं

दिलसुखनगरच्या मेट्रो स्टेशनातून खाली उतरलं की नजर जाईल तिथं क्लासच्या पाट्या. ग्रुप-टू, बँक पीओ, पोलीस एसआय, आणि त्यांच्यातच दाटीवाटीनं बसलेले टेस्टिंग, जावा, एसक्यूएल डीबीए. आयटी क्लासांचा मोठा बाजार अमीरपेटला, पण तेही याच तांबड्या लाइनीवर आहे. नांदेड, देगलूर, उदगीर भागातून काचीगुड्याला उतरणारी मराठी पोरं हॉस्टेलचा खर्च बघून मलकपेट, दिलसुखनगर, चैतन्यपुरी या पट्ट्यात खोली धरतात. दिवसा क्लास, रात्री प्रॅक्टिस, आणि सहा महिन्यांत कुठल्या तरी कंपनीत सपोर्टची नोकरी, असा साधारण बेत असतो.

डीबीएच्या, म्हणजे डेटाबेस सांभाळणाऱ्याच्या, कोर्समधे बॅकअप, रिस्टोअर, इंडेक्स वगैरे झालं की शेवटाकडे एक धडा येतो: सर्व्हरकडून ई-मेलनं सूचना कशी चालू करायची. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमधे या सोयीला डेटाबेस मेल म्हणतात. सर पडद्यावर विझार्ड उघडतात. आधी प्रोफाइल, मग त्यात अकाउंट. एसएमटीपी सर्व्हरचं नाव, पोर्ट ५८७, सुरक्षित जोडणीच्या चौकटीत टिक, यूजरनेम, पासवर्ड. शेवटी 'सेंड टेस्ट ई-मेल'. पोरं मोबाइल हातात घेऊन बसलेली असतात. काही सेकंद जातात, कुणाचा तरी फोन वाजतो, "सर, आला!" आणि धडा संपतो.

माझी तक्रार आहे ती धडा इथं संपण्याबद्दल. एका शांत दुपारी, सगळं सुरळीत असताना, सगळे वाट बघत बसलेले असताना एक मेल आला, एवढंच सिद्ध झालं. रात्री अडीचला डिस्क भरेल तेव्हा तो मेल निघेल का, पोचेल का, पोचला तर कुणी उठेल का, उठलेल्याला काय करायचं ते कळेल का, हे सगळं बाकीच राहिलं. आणि हे फक्त क्लासवाल्यांचं नाही. बँका, दवाखाने, कारखाने, सरकारी कचेऱ्या, सगळीकडे सूचना-व्यवस्था बांधली जाते ती पाठवणाऱ्याच्या टोकाकडून. उद्या काही बिनसलं तर 'कळवलं होतं' असं म्हणता यावं, एवढी तरतूद झाली की काम झालं असं मानतात. ज्याला कळायला हवं त्याच्या टोकाकडून ही व्यवस्था बांधायला घेतली, तर तिचं रूप अगदी वेगळं निघेल, असं मला वाटतं.

आधी यंत्राच्या आत काय घडतं ते बघू. २००५च्या आधी एसक्यूएल सर्व्हरमधून मेल पाठवायचा तर त्याच मशीनवर आउटलुकसारखा मेलचा प्रोग्रॅम बसवावा लागे. तो अडकला की पंचाईत. २००५च्या आवृत्तीत डेटाबेस मेल आलं आणि रचना बदलली. आता डेटाबेस स्वतः मेल पाठवत नाही. तो एमएसडीबी नावाच्या आपल्या घरच्या डेटाबेसमधल्या रांगेत मजकूर टाकतो आणि मोकळा होतो. एक निराळा प्रोग्रॅम ती रांग उपसतो आणि मेल सर्व्हरशी बोलतो. रचना शहाणपणाची आहे: मेल सर्व्हर रेंगाळला तरी डेटाबेसचं काम खोळंबत नाही. पण तिचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. मेल पाठवण्याची आज्ञा दिली की पडद्यावर उत्तर येतं 'मेल क्यूड'. म्हणजे रांगेत लावला. गेला असं कुणीही म्हटलेलं नाही.

पुढच्या खाचाखोचाही अशाच. टेस्ट मेल येतो, पण रात्रीचा बॅकअप फसला तरी मेल येत नाही, हा अनुभव जवळजवळ प्रत्येक नव्या डीबीएला येतो. कारण टेस्ट मेल रांगेत टाकतो डेटाबेस, आणि जॉब (ठरल्या वेळी चालणारं काम) फसल्याचा मेल धाडतो ती कामं चालवणारा प्रोग्रॅम, एसक्यूएल सर्व्हर एजंट. त्या एजंटच्या सेटिंगमधे 'अलर्ट सिस्टीम' नावाच्या पानावर जाऊन कुठलं मेल प्रोफाइल वापरायचं ते वेगळं सांगावं लागतं, आणि बहुतेक वेळा एजंट एकदा बंद करून पुन्हा चालू करावा लागतो. जीमेलचं अकाउंट जोडून ठेवलेल्या कित्येकांचे मेल २०२२च्या उन्हाळ्यात बंद पडले, कारण गूगलनं साध्या पासवर्डवर बाहेरच्या प्रोग्रॅमना आत घेणं ३० मेपासून थांबवलं. त्यानंतर अशा कामाला निराळा अॅप पासवर्ड लागू लागला. कंपनीच्या मेल अकाउंटचा पासवर्ड ठरावीक दिवसांनी बदलायचा नियम असेल तर तोही एक दिवस असाच घात करतो. यातली प्रत्येक चूक नोंदली जाते, हे खरं. पण कुठं? एमएसडीबीतल्या मेलच्या लॉगमधे, नाहीतर एजंटच्या लॉगमधे. मेल जात नाहीत ही बातमी त्याच सर्व्हरच्या पोटात पडून राहते, आणि ती बाहेर आणायची ठरलेली वाट कुठली, तर मेल.

आणखी एक बारकावा सांगतो, कारण तो मला स्वतःला फार मासलेवाईक वाटतो. मेल रांगेत टाकणं हीसुद्धा डेटाबेसमधली एक नोंदच. त्यामुळे एखादा व्यवहार चालू असताना मधेच चूक झाली, कोडनं 'चूक झाली' असा मेल रांगेत टाकला, आणि मग शिस्तीप्रमाणे सगळा व्यवहार मागे घेतला, तर त्या व्यवहाराबरोबर मेलही मागे घेतला जातो. चूक पुसली, चुकीची बातमीही पुसली. बँकेच्या कामात चोख असणं हा ज्या यंत्राचा मोठा गुण, तोच इथं बातमी गिळतो.

आणि ज्या रस्त्यानं हे मेल जातात तो रस्ता तरी काय हमी देतो? एसएमटीपी या मेल पोचवण्याच्या नियमांचा प्रमाण ठरलेला मसुदा जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२मधे लिहिला. एका यंत्रानं पत्र घ्यायचं, जमेल तसं पुढच्याला द्यायचं, पुढचा दार उघडत नसेल तर थांबून पुन्हा यायचं. हार मानण्याआधी चार-पाच दिवस प्रयत्न करत राहावा, अशी अपेक्षा आजच्या नियमांतही आहे. पत्रव्यवहाराला ही चिकाटी छान शोभते. डिस्क भरायला चाळीस मिनिटं उरली असतील तेव्हा तिचा उपयोग नाही.

या सगळ्या फटी एकाच वेळी उघड्या राहिल्या तर काय होतं, याचा जगजाहीर दाखला म्हणजे गिटलॅब ही लोकांचा कोड सांभाळणारी कंपनी. ३१ जानेवारी २०१७ला रात्री उशिरा या कंपनीचा एक इंजिनिअर डेटाबेसच्या दुय्यम प्रतीतली अडचण सोडवत होता. प्रतीवरचं फोल्डर रिकामं करायची आज्ञा त्यानं मूळ सर्व्हरवर दिली. क्षणा-दोन क्षणांत चूक ध्यानात आली, हात थांबला, पण तोवर सुमारे ३०० जीबीपैकी ४.५ जीबी उरलं होतं. असं कुणाच्याही हातून होऊ शकतं, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. नंतर जे बाहेर आलं ते महत्त्वाचं. रोजचा बॅकअप शोधायला गेले तर जागा रिकामी. बॅकअप घेणारा प्रोग्रॅम पोस्टग्रेस या डेटाबेस-प्रणालीच्या ९.२ आवृत्तीचा चालत होता आणि डेटाबेस होता ९.६चा, त्यामुळे बॅकअप दर वेळी चूक देऊन थांबत होता. चूक झाली की मेल जाईल अशी सोय होती. मेल जातही होते. पण पाठवणाऱ्याची ओळख पटवणारी डीमार्कची व्यवस्था त्या मेलांना लावलेली नव्हती, म्हणून मेल घेणारा सर्व्हर ते दारातून परत पाठवत होता. वाचले ते केवळ त्याच इंजिनिअरनं सहा तासांपूर्वी दुसऱ्या कामासाठी हातानं घेऊन ठेवलेल्या एका प्रतीमुळे. तरीही सुमारे पाच हजार प्रकल्प, पाच हजार टिप्पण्या आणि सातशे नवी खाती गेली. कंपनीनं हे सगळं न लपवता जाहीर केलं आणि दुरुस्तीचं काम लोकांना थेट दाखवलं, ही त्यांची थोरवी. एरवी आपल्याकडे अशी प्रकरणं 'तांत्रिक कारणास्तव सेवा खंडित' या चार शब्दांत गुंडाळली जातात.

गिटलॅबमधे कुणीही आळशी नव्हतं. त्यांचा एकच समज चुकला, आणि तो आपल्या सगळ्यांचाच चुकतो: काही आलं नाही म्हणजे सगळं ठीक आहे. घरातला मुलगा परगावी गेला की आईवडील दोन दिवस फोन न आल्यावर बेचैन होतात; तिथं शांततेला आपण लगेच अर्थ देतो. यंत्राच्या बाबतीत मात्र शांतता म्हणजे खुशाली, असं आपण बिनदिक्कत धरतो.

यावर उपाय म्हणून बरेच जण रोज यशाचा मेल मागवतात. सकाळी सहाला 'बॅकअप झाला' असा मेल आला की दिवस चांगला. ऐकायला बरं वाटतं, पण हा उपाय माणसाच्या स्वभावाशी जुळत नाही. आलेली गोष्ट माणसाला दिसते. न आलेली दिसायला तिची वाट बघावी लागते. पहिले पंधरा दिवस आपण वाट बघतो. नंतर रोज सहाला येणारा मेल भिंतीवरच्या घड्याळाइतकाच लक्षात राहतो, आणि ज्या मंगळवारी तो येत नाही त्या दिवशी आपण इतर पन्नास मेल वाचण्यात गुंतलेले असतो.

२०१६च्या फेब्रुवारीत बांगलादेश बँकेत हेच एका प्रिंटरच्या रूपानं घडलं. बँकांमधल्या स्विफ्ट या जाळ्यावरून जाणाऱ्या-येणाऱ्या संदेशांची प्रत आपोआप कागदावर उमटावी म्हणून ढाक्याच्या मुख्यालयात प्रिंटर ठेवलेला होता. ५ फेब्रुवारीला सकाळी त्यातून काहीच आलं नव्हतं. प्रिंटर रुसतातच, शिवाय शुक्रवार म्हणजे तिथं सुट्टीचा दिवस. दुरुस्तीची फारशी घाई झाली नाही. आदल्या रात्री चोरांनी बँकेच्या नावानं न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्हला जवळजवळ ९५ कोटी डॉलर हलवण्याचे आदेश दिले होते, आणि प्रिंटर गप्प करणं हा त्यांच्या बेताचा भाग होता. ८ कोटी १० लाख डॉलर मनिलापर्यंत पोचले. न्यूयॉर्कहून आलेल्या शंकासुद्धा त्याच गप्प प्रिंटरमागे अडकल्या. त्या चोरांना एक गोष्ट आपल्यापेक्षा चांगली ठाऊक होती: सूचना देणारं यंत्र बंद पडलं तर लोक ती यंत्राची कुरकुर समजतात, सूचना समजत नाहीत.

म्हणून शांततेवर नजर ठेवायचं काम माणसाला देऊ नये, दुसऱ्या यंत्राला द्यावं. सर्व्हरनं दर दहा मिनिटांनी बाहेरच्या एका मशीनला 'मी आहे' म्हणावं, बॅकअपनं 'झालो' म्हणावं, आणि ठरल्या वेळेत हे शब्द आले नाहीत तर त्या दुसऱ्या मशीननं माणसाला उठवावं. हे दुसरं मशीन वेगळ्या विजेवर, वेगळ्या नेटवर असावं. पोस्टग्रेससारख्या डेटाबेसमधे मेल पाठवायची सोय मुळातच दिलेली नाही, त्याबद्दल क्लासमधली पोरं नाक मुरडतात. मला तो नकार समजूतदार वाटतो. मरणाऱ्यानं स्वतःच्या मरणाची बातमी स्वतः पाठवावी, ही अपेक्षाच चुकीची.

आता दुसरं टोक. शांतता जितकी फसवी, तितकाच गलका. जॉबच्या सेटिंगमधे मेल कधी पाठवायचा हे विचारतात: फसला तर, यशस्वी झाला तर, की काहीही होवो पूर्ण झाला की. पुष्कळ ठिकाणी तिसरा पर्याय निवडलेला असतो, आणि पत्ता कुणा माणसाचा नसून साऱ्या टीमच्या गटाचा. पंचवीस सर्व्हर, प्रत्येकावर डझनभर जॉब, म्हणजे रोज तीनशे मेल. तिसऱ्या आठवड्यात टीममधला प्रत्येक जण आउटलुकमधे एक नियम करतो: सर्व्हरकडून आलेलं सगळं थेट निराळ्या फोल्डरमधे. मॅनेजर याला बेशिस्त म्हणतात. मी त्याला प्रामाणिक अभिप्राय म्हणेन. या मेलांची किंमत काय, ते वाचणाऱ्यानं सांगून टाकलं. ऐकणारं कुणी नव्हतं, एवढंच.

न्यूयॉर्कजवळच्या नाइट कॅपिटल या शेअर दलाली कंपनीचं जे झालं ते या फोल्डरातलंच. १ ऑगस्ट २०१२ला सकाळी बाजार उघडायच्या आधी त्यांच्या यंत्रणेनं कर्मचाऱ्यांच्या एका गटाला ९७ मेल पाठवले. आठपैकी एका सर्व्हरवर नवा कोड चढवायचा राहिला होता आणि जुना, वर्षानुवर्षं न वापरलेला कोड जागा होणार होता. मेलमधे त्याच कोडचं नाव घेऊन चूक दाखवली होती. बाजार उघडायला तासाहून जास्त वेळ होता. कुणी काही केलं नाही. ते मेल इशारा म्हणून रचलेलेच नव्हते, आणि ते वाचण्याची कुणाला सवय नव्हती, असं अमेरिकेच्या बाजार नियामकानं नंतर आपल्या आदेशात नोंदवलं. पाऊण तासात ४६ कोटी डॉलरचं नुकसान झालं आणि पुढे ती कंपनीच स्वतंत्र राहिली नाही. ९७ वेळा कळवलं होतं.

दिलसुखनगरात बसून याविषयी लिहिताना २१ फेब्रुवारी २०१३ टाळता येत नाही. इथलं साईबाबांचं देऊळ प्रसिद्ध आहे, गुरुवारी शिर्डीची आठवण व्हावी अशी गर्दी असते. तो दिवसही गुरुवारच होता. संध्याकाळी सातच्या सुमाराला मुख्य रस्त्यावर बसस्टॉप आणि खाण्याच्या गाड्यांजवळ पाठोपाठ दोन स्फोट झाले. पंधराहून अधिक माणसं गेली, शंभरावर जखमी झाली. केंद्रीय गृहमंत्री तेव्हा आपल्या सोलापूरचे सुशीलकुमार शिंदे होते. असं काही घडू शकतं अशी सर्वसाधारण माहिती दोन दिवसांपासून होती आणि ती सगळ्या राज्यांना दिली होती, असं त्यांनी त्याच रात्री सांगितलं. राज्याकडून उत्तर आलं की असे सर्वसाधारण इशारे नेहमीच येतात, त्यात जागा नव्हती, वेळ नव्हती. मला यात कुणालाही दोषी ठरवायचं नाही. ते माझं काम नाही आणि तेवढी माहितीही बाहेरच्या माणसाकडे नसते. माणसांच्या जिवाची आणि सर्व्हरच्या डिस्कची तुलना तर करूच नये. पण त्या दोन विधानांची रचना बघा. दोन्ही खरी असू शकतात. पाठवणारा म्हणतो, कळवलं होतं. घेणारा म्हणतो, काय करायचं ते कळलं नव्हतं. सगळ्यांना उद्देशून, जागा-वेळ न सांगता, काय करायचं ते न सांगता दिलेला इशारा पाठवणाऱ्याच्या दप्तरात पूर्ण असतो आणि घेणाऱ्याच्या हातात रिकामा.

यावर नेहमीचा आक्षेप येतो: कमी पाठवून एखादी महत्त्वाची गोष्ट सुटली तर? जास्त माहितीनं काय बिघडतं? ऑडिटर येतो, 'सूचना चालू आहेत का' या रकान्यात टिक मागतो. मेल चालू असलेले बरे. हा आक्षेप मी हलका मानत नाही. एसक्यूएल सर्व्हरचंच उदाहरण त्याच्या बाजूनं देता येईल. तिथं चुकांना तीव्रतेचे आकडे आहेत. १९पासून २५पर्यंतच्या गंभीर चुकांचे इशारे लावावेत असा साधारण शिरस्ता. डिस्कवरून पान वाचताच आलं नाही किंवा वाचलेलं पान बिघडलेलं निघालं तर ८२३ किंवा ८२४ क्रमांकाची चूक येते, तीव्रता २४. पण ८२५ म्हणून एक चूक आहे. पान पहिल्या झटक्यात वाचता आलं नाही, पुन्हा प्रयत्न केल्यावर आलं, असं ती सांगते. काम तर झालं, म्हणून तिची तीव्रता फक्त १०, नुसती माहिती. अनुभवी डीबीए मात्र तिला फार मानतात, कारण डिस्क मरायला लागल्याची ती बऱ्याचदा पहिली खूण असते. गंभीर तेवढंच कळव असं यंत्राला सांगणारा माणूस नेमकी हीच चूक गमावतो.

तेव्हा आक्षेपवाले म्हणतील, बघा, म्हणून सगळंच मागवा. मी उलट म्हणतो. ८२५चा इशारा लावायला तीनशे मेल लागत नाहीत. ८२५ म्हणजे काय हे माहीत असलेला एक माणूस लागतो. तोच इशारा रोजच्या तीनशेंत मिसळला तर लावूनही हुकला. काय निवडायचं हा विचार कुणीतरी एकदा बसून करायचा असतो, आणि तो टाळायचा सोपा मार्ग म्हणजे सगळं पाठवणं. डिस्क नव्वद टक्के भरली की मेल, हा सगळीकडे चिकटवलेला आकडा घ्या. दोन टीबीच्या डिस्कवर उरलेले दहा टक्के म्हणजे दोनशे जीबी, कदाचित दोन महिन्यांची बेगमी. वीस जीबीच्या डिस्कवर दोन जीबी, एखाद्या रात्रीत खलास. टक्केवारी सांगण्यापेक्षा 'हा वेग राहिला तर अमुक तासांत भरेल' असं सांगणारी चार ओळींची क्वेरी लिहायला अर्धा तास लागतो. तो अर्धा तास कुणाच्याच कामाच्या यादीत नसतो.

शिवाय सगळ्याच गोष्टी माणसाला का कळवायच्या? इंजिनिअर विश्वेश्वरय्या मुंबई इलाख्याच्या नोकरीत असताना त्यांनी पुण्याजवळ खडकवासल्याला १९०३मधे स्वयंचलित दरवाजे बसवले. पाणी ठरावीक पातळीच्या वर गेलं की ते आपसूक उघडत, उतरलं की मिटत. इंजिनिअरसाहेबांना तार करून 'पाणी वाढले, काय करू' असं विचारायची गरज त्या दरवाज्यांना नव्हती. पुढे २८ सप्टेंबर १९०८ला मुसी नदीनं हैदराबाद बुडवलं, हजारो माणसं दगावली, आणि निजाम सरकारनं याच विश्वेश्वरय्यांना बोलावलं. त्यांच्या योजनेतून नंतर उस्मानसागर आणि हिमायतसागर उभे राहिले. आजही या तलावांचे दरवाजे उघडायची वेळ आली की खालच्या वस्त्यांना आधी इशारा जातो, आणि दिलसुखनगर-मलकपेटहून अंबरपेटकडे नेणारा मुसारामबागचा जुना ठेंगणा पूल पाण्याखाली जाणार म्हणून पोलीस बॅरिकेड लावून तो वर्षानुवर्षं बंद करत असत. या इशाऱ्यात आणि सर्वसाधारण इशाऱ्यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. इथं पूल ठरलेला, तो बंद करणारं ठाणं ठरलेलं, वेळ ठरलेली. दरवाजा यंत्र उघडेल. पुलावर उभं राहायला माणूस लागतो, आणि फक्त त्या माणसालाच कळवायचं असतं.

सर्व्हरलाही हीच वाटणी लावता येते. जॉब एकदा फसला तर त्यानं पाच मिनिटांनी स्वतः पुन्हा प्रयत्न करावा; तशी सोय सेटिंगमधे आहे, बहुतेक ठिकाणी ती शून्यावर असते. जुने बॅकअप त्यानं स्वतः उचलून टाकावेत. जे त्याच्या आवाक्याबाहेर आहे तेवढ्यासाठी माणूस. आणि माणसासाठी म्हणून जो मेल लिहायचा तो माणसाला समजेल असा. एजंटचा ठोकळेबाज मेल कसा असतो? जॉबचं नाव, किती वाजता चालला, किती सेकंद लागले, स्टेटस फेल्ड, अमुक शेड्यूलनं सुरू केला, शेवटची चाललेली पायरी पहिली. का फसला, ते नाही. त्यापुढे काय बिघडेल, तेही नाही. त्याऐवजी असा मेल कल्पून बघा: 'पगाराच्या डेटाबेसचा रात्रीचा बॅकअप झाला नाही. बॅकअपच्या डिस्कवर जागा नाही. सकाळी ९च्या आत जागा करून पुन्हा चालवा, नाहीतर आजचे व्यवहार बॅकअपशिवाय राहतील. आज जबाबदारी रात्रपाळीच्या डीबीएची.' हा लिहायला तंत्रज्ञान वेगळं लागत नाही. कुणाची तरी झोप मोडणार आहे याची जाणीव लागते.

झोपेचा मुद्दा मी मुद्दाम काढतो. हैदराबादचा सपोर्टचा धंदा अमेरिकेच्या दिवसावर, म्हणजे आपल्या रात्रीवर चालतो. गुढीपाडवा आणि उगादी एकाच दिवशी येतात, मराठी आणि तेलुगू दोन्ही घरांत सण असतो, आणि क्लायंटकडे कामाचा दिवस असतो. त्या दिवशी कोण जागं राहणार, हा प्रश्न मेलच्या सेटिंगमधे सुटत नाही. तो पगारात, पाळ्यांत, बदली रजेत सुटतो. तिकडे मराठवाड्यातल्या एखाद्या पतसंस्थेत कॉम्प्युटरचा म्हणून एकच माणूस असतो. प्रिंटर, नेट, सीसीटीव्ही, सर्व्हर, सगळं त्याच्या गळ्यात. त्याला रोज साठ मेल पाठवून संस्था सुरक्षित होत नाही. घोटाळा झाला तर तो अडकवायला सोपा होतो, इतकंच.

आणि 'कळवलं होतं' ही ढाल आता पूर्वीसारखी भरवशाची राहिलेली नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार सायबर घटनेची खबर सहा तासांत द्यावी लागते, आणि हे सहा तास मोजायचे ते घटना लक्षात आल्यापासून किंवा लक्षात आणून दिल्यापासून. सर्व्हरनं रात्री दोनला मेल पाठवला, साहेबांनी तो दुसऱ्या दिवशी दुपारी उघडला. लक्षात कधी आणून दिलं? मेलवरची वेळ मेलवरच आहे. आजवर घेणाऱ्याच्या अंगावर ढकलण्यासाठी जपलेला कागद उद्या सगळ्या संस्थेच्या अंगावर येऊ शकतो. न वाचले जाणारे मेल चालू ठेवण्यात धोका नाही असं समजणाऱ्या ऑडिटरनं हा हिशेब एकदा करून बघावा.

क्लासच्या धड्याचं काय करावं, हे मी इथल्या एक-दोन शिकवणाऱ्यांपुढे मांडलं आहे. टेस्ट मेल आला की थांबू नका. एजंट बंद करा आणि पोरांना विचारा, आता कोण सांगणार? पासवर्ड बदला. डिस्क खरोखर भरू द्या. ज्याच्या नावानं मेल लावलाय त्या पोराला वर्गाबाहेर चहाला पाठवा आणि मग बॅकअप फसवा. त्यांचं म्हणणं, सिलॅबस पंचेचाळीस दिवसांत संपवायचा असतो आणि मुलाखतीत हे विचारत नाहीत. तेही खोटं नाही.

एसक्यूएल सर्व्हर एजंटमधे 'फेल-सेफ ऑपरेटर' म्हणून एक रकाना आहे. ज्याला कळवायचं तो पाळीवर नसेल, कुणाशीच संपर्क होत नसेल, तर शेवटी याला कळवा, असा त्याचा हेतू. जुन्या सर्व्हरांवर तो उघडून बघा. पुष्कळदा रिकामा असतो. भरलेला असेल तर त्यात नोकरी सोडून गेलेल्या कुणाचा तरी पत्ता असतो. त्या पत्त्यावर गेलेला मेल 'असा कुणी इथं नाही' म्हणून परत येतो, आणि परत येऊन पडतो तो नोरिप्लाय नावाच्या मेलबॉक्समधे, ज्याचा पासवर्ड ऑफिसात कुणालाच ठाऊक नसतो.